मदत हवी आहे: पूर-बचावाच्या बोटीला कोणत्या पिचचा पंखा बसवावा?

नमस्कार मंडळी,

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या भागातल्या काही जणांनी मिळून पुराच्या वेळी कामी येईल अशी एक बोट उभी केली आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला आणि एकता नगरीत पाणी शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना कारण वेगळं सांगायला नको. अग्निशमन दलाने सांगितलं तरच ती पाण्यात उतरवायची, हे पक्कं आहे. आता अडलंय ते पंख्यापाशी.

बोट १५ फुटी, फायबरची. मोटर ४० एचपी टू-स्ट्रोक ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून बसवतात ती), गिअर रेशो २:१, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. कोकण किनाऱ्यावरून सेकंडहँड आणली आणि पंखाही तिच्यासोबतच आला: अ‍ॅल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, हबवर (मधल्या गोल भागावर) ११-१/४ × १३ कोरलेलं, म्हणजे व्यास ११-१/४ इंच आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर, १३ इंच. पुस्तिकेत फुल थ्रॉटलला ४५०० ते ५५०० आरपीएम मिळायला हवेत असं दिलंय.

परवानगी घेऊन धरणाच्या पाण्यात चाचणी केली. दोघंच बसलो तेव्हा ५२०० आरपीएम, मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ४१ किमी. सात जण बसलो तर आरपीएम ४१०० वर अडकले, बोटीचं नाक वर ते वरच, वेग जेमतेम १७. पुरात बोट भरलेलीच असणार, म्हणून हा दुसरा आकडा मला झोपू देत नाही.

पिच कमी करायला हवा एवढं कळतंय. पण ११ घ्यावा की १०? १० घेतला तर दोघंच असताना आरपीएम ५५०० च्या पुढे जातील ना? एका दुकानात स्टेनलेस स्टीलचा सुचवला, तो घ्यावा का? पैसे वर्गणीचे आहेत, एकदाच नीट घ्यायचंय.

प्रतिसाद

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. उजनीच्या पाण्यात बोटी चालवतो, त्यावरून सांगतो.

१३ पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात १३ इंच, साधारण ३३ सेंमी पुढे सरकायला हवा. ५२०० आरपीएमला गिअरमुळे पंख्याचे २६०० फेरे होतात, म्हणजे ताशी ५१ किमी. तुम्हाला मिळाले ४१. म्हणजे २० टक्के स्लिप (हिशोबापेक्षा कमी पडलेला वेग), अशा बोटीला ठीकच आहे. मोटर आणि पंखा दोन्ही धडधाकट आहेत. सात जण असताना मात्र हिशोबाने ४० यायला हवेत आणि येतात १७. बोट पाण्यावर उचललीच जात नाही, पंखा पाणी नुसतं घुसळतोय.

आणखी एक गोष्ट. हा पंखा समुद्रसपाटीवर बसवलेला होता. पुणे ५६० मीटरवर आहे, हवा विरळ. दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद कमी होते, म्हणजे इथे पाचेक टक्के गेलीच. किनाऱ्यावर चालणारा पिच घाटावर जड पडतो.

पिच एक इंचाने उतरवला की १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ लावलात तर भरलेली बोट ४४००-४५०० ला पोचेल, म्हणजे काठावर. १० लावलात तर ४५५० ते ४७००, आणि बोट एकदा उचलली की आणखी वर. माझं मत १०. कमी पिचच्या पंख्याचा डाया (व्यास) थोडा मोठा असतो, ११-३/४ च्या आसपास, तोही ओझ्याला चांगलाच. फक्त शाफ्टचे दाते जुळतात ना ते मोजून घ्या.

रिकाम्या बोटीत आरपीएम ५७०० च्या घरात जातील, बरोबर. पण तिथे थ्रॉटल आवरणं तुमच्या हातात आहे. भरलेल्या बोटीत जोर कमी पडला तर तो कुठून आणणार? शिवाय फुल थ्रॉटल देऊन ४५०० च्या खाली रखडत ठेवलं की इंजिन तापतं, कार्बन धरतं, पिस्टनवर येतं. १३ चा जुना पंखा टाकू नका, सुटा म्हणून बोटीतच ठेवा. सोबत नट, कॉटर पिन, पाना.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. स्टेनलेस नको, निदान या कामाला तरी नको. शहरातल्या पुरात पाण्याखाली कुंपणाच्या भिंती, लोखंडी गेट, दुचाक्या असतात. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं, पण गिअर बऱ्याचदा वाचतो. स्टेनलेसचं पातं टिकेल आणि सगळा धक्का आत शाफ्टवर जाईल. हबमधलं रबरी बुश तो धक्का झेलायलाच असतं, पण त्यालाही मर्यादा आहे. जुन्या मोटरचं बुश तपासून घ्या: कडक होऊन सुटलं असेल तर इंजिन ओरडतं आणि बोट हलत नाही.

मुठेत जलपर्णी आणि प्लास्टिक दोन्ही येणार. गुंडाळलं गेलं तर मोटर बंद करूनच वर उचला, मग सोडवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ११-३/४ × १०, अ‍ॅल्युमिनियम, असंच ठरवतो. बुश उद्याच उघडून बघतो. पंख्याभोवती जाळी लावायचा विचार आहे. त्याने वेग मरेल का?

प्रतिसाद

थोडा मरेल. तरी लावा, तुमच्या बोटीभोवती पाण्यात माणसं असणार. पण जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कोणालाही बोटीत ओढून घेताना मोटर बंदच हवी, नुसती न्यूट्रलला नाही. किल स्विचची (दोरी ओढली गेली की मोटर बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, प्रत्येक वेळी.

नवा पंखा जाळीसकट बसवून पुन्हा चाचणी घ्या आणि सात माणसांऐवजी तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवा. भरलेल्या बोटीचे आरपीएम इथे टाका. ४५०० च्या खाली राहिले तर मोटरची उंची बघू: पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर वर हवी.