मदत हवी आहे: घरून काम करणाऱ्याचं अप्रेझल, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

चिपळूणचा_चिकू:
मंडळी, पटकन सांगा. अप्रेझल आलं, ३ मिळालेत. शेरा एकच, 'व्हिजिबिलिटी कमी'. पोर्टलवर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अ‍ॅक्सेप्ट करायचंय. करू की नको? वर्षभरात माझ्यामुळे सॉफ्टवेअरचं एकही रिलीज लटकलं नाही. पाडव्याला प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम, झोपलं तेव्हा जेवणाच्या ताटावरून उठून मीच बसलो होतो.

निळूभाऊ:
३ म्हणजे कशातले? आमच्याकडे १ सगळ्यात भारी, ५ म्हणजे गाशा गुंडाळा. आणि मागच्या वर्षी किती होते?

चिपळूणचा_चिकू:
पाचातले हो, ५ भारी. मागच्या वर्षी ४.

मंजिरी_के:
टीममधले बाकीचे कुठे बसतात? मॅनेजर तोच आहे का?

चिपळूणचा_चिकू:
बाकीचे हिंजवडीत. मॅनेजर ऑक्टोबरात बदलला, प्रत्यक्ष भेट नाही अजून. त्याचा काय संबंध?

मंजिरी_के:
अरे, तोच तर संबंध! एप्रिल ते सप्टेंबर तू काय केलंस हे त्याला कोण सांगणार? जुन्याने जाताना तुझा फीडबॅक पोर्टलवर टाकला होता का, ते बघ आधी.

घाटावरचा:
ऑफिसला जा, विषय संपला. टपरीवर चहा पिताना जे ठरतं ते टीम्सच्या कॉलवर ठरत नाही. शिवाय तुमच्या कोकणात पावसात लाइट जाते, मॅनेजरच्या तेवढंच लक्षात राहतं.

निळूभाऊ:
लाइट पुण्यातही जाते साहेब. आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवण्यापेक्षा ३ परवडले.

अण्णा_निवृत्त:
हा बेल कर्व्हचा खेळ आहे, म्हणजे ठरावीक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग द्यायचं. अमेरिकेतल्या जीई कंपनीच्या जॅक वेल्चनी वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के अशी विभागणी गाजवली. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये असली क्रमवारी बंद केली, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून चालूच. नॉर्मलायझेशनला, म्हणजे सगळ्यांची रेटिंग्ज त्या टक्क्यांत बसवताना, कुणाच्या तरी ४ चे ३ करावेच लागतात. रोज समोर बसणाऱ्याचे करायला जीव धजत नाही, मग लांबचा सापडतो.

फुकटचा_सीए:
व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा पगार, मार्चच्या पगारात आलं तर टीडीएस एकदम कापतात, घाबरू नका. टीडीएसच्या सर्टिफिकेटशी ताडून बघा.

मंजिरी_के:
सीएसाहेब, व्हेरिएबलचं कुणी विचारलंय?

केतकी_जर्सी:
मी स्वतः लांबची टीम सांभाळते. चिकू, सेल्फ अप्रेझलमध्ये काय लिहिलं होतंस?

चिपळूणचा_चिकू:
दोन ओळी. सगळं जिरात, कामाची तिकिटं ठेवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, आहेच की.

केतकी_जर्सी:
कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मॅनेजर मिळून रेटिंग पक्कं करतात त्या, मीटिंगमध्ये जिरा कुणी उघडत नाही रे. एकेका नावाला मिनिट-दोन मिनिटं मिळतात, मॅनेजर जे बोलेल तेच खरं. आमच्या पोर्टलवर अ‍ॅक्सेप्ट म्हणजे नुसतं 'वाचलं', तुमच्याकडे काय धरतात ते एचआरला मेलवर विचार, फोनवर नको. बटण दाबण्याआधी कॉमेंटच्या रकान्यात असहमती लिही: पाडव्याचा प्रसंग तारखेसकट, तिकिटांचे नंबर, क्लायंटचे मेल. रेटिंग बदलेल या भ्रमात राहू नकोस, पण पुढच्या वर्षी हेच कागद कामाला येतात.

घाटावरचा:
कागदं घालून भांडलास तर नजरेत येशील.

निळूभाऊ:
व्हिजिबिलिटीच तर हवी होती ना त्यांना!

चिपळूणचा_चिकू:
कॉल मागितलाय उद्याचा. फीडबॅक काही सापडला नाही, आणि जुन्या मॅनेजरनं कंपनीच सोडलीय. आता?

मंजिरी_के:
हे आधी सांगायला काय झालं होतं? त्यांचे जुने मेल आहेत का मेलबॉक्समध्ये?