मदत हवी आहे : गल्ली सायंकाळी वाहनांसाठी बंद करून बाहेर टेबले मांडण्याची परवानगी कशी व कोणाकडे मागावी?

नमस्कार.

पुण्याच्या मध्यवस्तीतील एका पेठेत आमची गल्ली आहे. तिची लांबी साधारण १४० मीटर असून रुंदी तोंडाशी साडेसहा मीटर आहे. मध्यभागी एका जुन्या वाड्याचा कोपरा पुढे आल्यामुळे तेथे ती जेमतेम पाच मीटर भरते. गल्लीत खाण्यापिण्याची सात दुकाने आहेत, त्यांत मिसळ, पोळीभाजीची खाणावळ आणि दोन अमृततुल्ये जुनी, बाकीची तीन गेल्या चार-पाच वर्षांतली. वरच्या मजल्यांवर आणि मागच्या वाड्यांत मिळून ५२ बिऱ्हाडे राहतात. मी त्यांपैकीच एक. रहिवासी आणि दुकानदार यांच्या संयुक्त बैठकीत अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, ते बहुधा मी त्या दिवशी वही-पेन घेऊन गेलो होतो म्हणून.

मागणी अशी आहे की शनिवारी आणि रविवारी सायंकाळी ६ ते १० या वेळेत गल्ली दुचाकी-चारचाकींना बंद असावी, माणसांना मोकळेपणाने चालता यावे आणि दुकानांना दारासमोर थोडी टेबले मांडता यावीत. सध्या चौकातील सिग्नल चुकवण्यासाठी गाड्या आमच्या गल्लीत शिरतात, वाड्याच्या कोपऱ्यावर समोरासमोर येतात आणि मागे कोणी जायचे यावर दोन्ही चालक काचा खाली करून चर्चा करतात. तेवढ्या वेळात शाळकरी मुले भिंतीला पाठ लावून उभी असतात.

ही कल्पना आम्हांला गणेशोत्सवाने दिली. मांडवामुळे दहा दिवस गल्ली गाड्यांना बंदच असते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकू येत नाही. उत्सवानंतर, स्थानिक अंमलदारांच्या तोंडी संमतीने, आम्ही तीन रविवार दोन्ही तोंडांना दोर आणि पाण्याची पिंपे लावून पाहिली.

पहिल्या रविवारचे एक दृश्य मुद्दाम सांगतो, कारण माझी खरी अडचण त्यातच आहे. क्रीडांगणावर टाकतात ती फक्की आणून आम्ही गल्लीच्या मध्यभागी तीन मीटरचा पट्टा आखला आणि टेबले त्या रेषांच्या बाहेर राहतील असे ठरवले. साडेसात वाजेपर्यंत सर्व काही रेषेत होते. नऊ वाजता पाहिले तर फक्कीवर खुर्च्यांचे पाय आले होते. जाणूनबुजून कोणी काही केले नव्हते. ऐसपैस बसण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाईक खुर्ची वीतभर मागे सरकवतो, नंतरचा वेटर टेबल त्या खुर्चीला जुळवून घेतो, आणि असे चार वेळा झाले की तीन मीटरचे दीड मीटर होतात. समोरच्या आजी डायलिसिसहून परतल्या तेव्हा रिक्षा दोराशीच थांबली आणि त्यांना टेबलांच्या मधून, ‘जरा सरका, जरा सरका’ म्हणत घरापर्यंत जावे लागले. गाड्या असत्या तर रिक्षा निदान दारापर्यंत आली असती, असे त्यांचे चिरंजीव म्हणाले. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कार्यालयीन अनुभवही सांगतो. एका खात्यात गेलो तर दुसऱ्या खात्याचे ना हरकत पत्र आणा म्हणाले, आणि दुसऱ्यात गेलो तर आधी पहिल्यांचे आणा म्हणाले. दोन्ही ठिकाणी माणसे सौजन्याने बोलली. कागद मात्र जागचा हलला नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो की असा अर्ज नेमका कोणत्या तरतुदीखाली आणि कोणाच्या नावे करावा, आणि मोकळा झालेला रस्ता चालणाऱ्यांकडेच राहील, हॉटेलवाल्यांच्या पथ्यावर पडणार नाही, यासाठी त्यात कोणत्या अटी आपणहून घालाव्यात? शिवाय सिलिंडरची गाडी, सायंकाळचे दूध आणि आजींची रिक्षा यांची सोय इतरत्र कशी केली जाते?

प्रतिसाद १ (सेवानिवृत्त अभियंता)

आपण एकाच अर्जात दोन वेगळ्या गोष्टी मागत आहात, म्हणून तो दोन खात्यांच्या मध्ये अडकला असावा. गाड्या बंद करणे हा वाहतूक नियमनाचा विषय आहे. सार्वजनिक रस्त्याची जमीन टेबलांसाठी देणे हा महापालिकेचा विषय आहे. पहिली परवानगी मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

पहिल्यासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११५ पाहावे. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी विशिष्ट रस्त्यावर वाहनांना मनाई करण्याचा अधिकार त्यात राज्य शासनाला आणि शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांना आहे. आपल्या उपयोगाचा भाग त्याच्या परंतुकात आहे : मनाई एका महिन्याहून अधिक काळ राहणार नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरते. म्हणून पहिल्याच अर्जात कायमची बंदी मागू नये, चार आठवड्यांचा प्रयोग मागावा. मनाईला अपवाद आणि अटी जोडण्याची सोयही याच कलमात आहे, तेव्हा रुग्णवाहिका, अग्निशमन आणि रुग्णाला आणणारी रिक्षा यांचा उल्लेख अर्जातच करावा. आजींची रिक्षा दोर उचलणाऱ्याच्या मर्जीवर राहता कामा नये.

दुसऱ्याबाबत सावध राहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ प्रमाणे रस्त्यावर ठेवलेल्या वस्तू आयुक्तांना नोटीस न देता हटवता येतात, आणि गल्ली गाड्यांना बंद आहे म्हणून टेबल या कलमातून सुटत नाही. माझे मत असे की पहिला महिना टेबलांविना करावा. नुसती मोकळी गल्ली लोकांना आवडली तर टेबलांची मागणी बळकट होते. उलट क्रमाने गेलात तर पहिल्या तक्रारीत टेबलांसकट सगळेच जाते.

फक्की वाऱ्याने उडते आणि पायांनी पुसते. भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत निवासी भागातील पदपथासाठी अडथळेविरहित रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे; आपल्याला त्याहून बरीच अधिक लागेल, कारण अग्निशमनाची गाडी त्याच पट्ट्यातून जायची आहे. अग्निशमन केंद्राला अर्ज देऊन त्यांची गाडी एकदा प्रत्यक्ष गल्लीतून चालवून घ्या आणि वाड्याच्या कोपऱ्यावर ती जेथून वळते ती रेषा रंगाने कायमची आखा. त्या कोपऱ्यापाशी टेबल नकोच.

प्रतिसाद २ (इंदूरकर)

आमच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो, आणि रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू आणि दहीवडे यांची दुकाने लागून मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आली आहेत. मात्र तेथे खुर्च्यांचे राज्य नाही. द्रोण हातात घेऊन लोक उभ्याउभ्या खातात आणि पुढे सरकतात, त्यामुळे आपल्या फक्कीचे जे झाले ते तेथे होत नाही. गर्दी मात्र वाहते तेव्हा एखादी आजी त्यातूनही जाऊ शकणार नाही, हे मान्य करतो. मिसळ उभ्याने खाणे पुणेकरांना रुचेल की नाही, हा प्रश्न मी आपल्यावरच सोडतो. पण चहा, भजी आणि वडा यांना खुर्ची कशाला हवी? बसण्याची सोय फक्त खाणावळीपुरती ठेवलीत तर निम्मी टेबले कमी होतील.

एक इशारा. सराफ्यात अरुंद जागेतील गॅस सिलिंडरांवरून सुरक्षिततेचा प्रश्न वारंवार निघत आला आहे. रस्त्यावर शेगडी येणार नाही, स्वयंपाक दुकानाच्या आतच होईल, ही अट आपण पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. एकदा बाहेर आलेली शेगडी परत आत जात नाही.

प्रतिसाद ३ (बंगळुरूस्थित)

येथील चर्च स्ट्रीट नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी गाड्यांना बंद होता. चालायला तो अनुभव सुंदर होता, यात शंका नाही. परंतु गाड्या नाहीशा होत नाहीत, त्या शेजारच्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहतात. आपल्या अर्जावर शेजारच्या दोन गल्ल्यांतील रहिवाशांच्या सह्या नसतील तर पहिला विरोध तेथूनच येईल. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे, तरी दुचाकी शिरत असल्याच्या तक्रारी ऐकू येतात. म्हणजे दोरापाशी माणूस हवा आणि त्याचा पगार कोण देणार हे आधी ठरायला हवे. आपल्याच लक्ष्मी रस्त्यावर महापालिका दर ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, तेव्हाची व्यवस्था जाऊन पाहावी.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. पहिला अर्ज केवळ गाड्यांपुरता, चार रविवारांचा आणि टेबलांविना द्यावा असे ठरले. नव्या दुकानदारांपैकी दोघे नाराज आहेत, आणि त्यांनी भाडे काय मोजले आहे हे मला ठाऊक असल्यामुळे त्यांचा राग मला अगदीच अनाठायी वाटत नाही. सिलिंडरची गाडी दुपारी ४ पूर्वी आणण्यास वितरकाने होकार दिला आहे, आणि दूधवाला दोराशी सायकल लावून पायी येणार आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबलवर येते, म्हणून आवराआवर साडेनऊलाच सुरू होईल अशी अट आम्ही आपणहून घातली. लोखंडी शटर ओढण्याचा आवाज त्यात धरायचा की नाही, यावर अर्धा तास गेला.

एकच प्रश्न उरला आहे. दोरापाशी बसणाऱ्या माणसाचा खर्च दुकानदार देऊ करत आहेत. पण पगार त्यांचा असेल तर टेबल रेषेवर आले असता तो त्यांनाच कसा हटकणार, असे आजींच्या चिरंजीवांनी विचारले. बिऱ्हाडांनी दरमहा वर्गणी काढून अशी व्यवस्था चालवल्याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे. अर्ज येत्या सोमवारी द्यायचा आहे.