अनुभव धागा : मास इफेक्टमधला तुमचा शेपर्ड

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

मास इफेक्टवर मराठीत मनसोक्त लिहिलेलं फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. ठाणे-नवी मुंबईत हा गेम खेळलेली मंडळी कमी नाहीत. ठाणे-वाशी लोकलमध्ये कुणाच्या बॅगेवर एन७, म्हणजे गेमच्या नायकाच्या चिलखतावरचं चिन्ह, आणि त्याची लाल पट्टी दिसली की ओळखपाळख नसतानाही बोलावंसं वाटतं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. बायोवेअरचा हा विज्ञानकथेतला रोल-प्लेइंग गेम. पहिला भाग २००७चा, दुसरा २०१०चा, तिसरा २०१२चा. कमांडर शेपर्ड आपण घडवायचा, बाई की बुवा तेही आपणच ठरवायचं. पहिल्या भागात घेतलेले निर्णय सेव्ह फाइलमधून थेट तिसऱ्या भागापर्यंत येतात. २०२१ मध्ये तिन्ही भाग नव्याने घासूनपुसून लेजेंडरी एडिशन म्हणून एकत्र आले, तेव्हा कॉलेजातल्या मुलांनीही लिहावं.

गुण देऊ नका. तुमच्या शेपर्डने काय ठरवलं आणि पुढे त्याचं काय झालं, ते सांगा. रसभंग होणार हे गृहीत धरा.

माझा प्रसंग विरमायर ग्रहावरचा. बॉम्बपाशी अ‍ॅश्ली, दुसऱ्या टोकाला सॅलेरियन या परग्रही जमातीच्या तुकडीबरोबर कायडन. दोघंही माझे सोबती, दोघंही अडचणीत आणि वेळ एकालाच गाठण्यापुरता. मी अ‍ॅश्लीकडे गेलो. या प्रसंगाला बरोबर उत्तर नाही हे सगळेच सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. जहाजावर परतलो, सवयीने सगळ्यांशी बोलत फिरलो, तर क्रू डेकवर कायडन उभा राहायचा तिथे कुणीच नाही. त्या जागी दुसरं कुणी आणून उभं केलेलं नाही. बाकीच्या गेममध्ये माणूस मेला की पडदा पडतो आणि खेळ पुढे सरकतो. इथे त्याच जिन्याने रोज जावं लागतं.

नेरुळवासी

धागा काढल्याबद्दल आभार, दादा. मी महापेला एका औषध कंपनीत आहे. क्लिनिकल ट्रायलची कागदपत्रं तपासणं हे माझं काम, संमतीपत्रांवरच्या सह्या आणि तारखांसकट. त्यामुळे मी मॉर्डिनबद्दलच लिहिणार.

मॉर्डिन सोलस हा सॅलेरियन शास्त्रज्ञ. तुटक बोलतो, वाक्यातला कर्ता बऱ्याचदा गाळूनच टाकतो. क्रोगन नावाच्या लढाऊ जमातीची संख्या आवरायला सॅलेरियनांनी जेनोफेज हा जनुकीय आजार तयार केला आणि ट्युरियन या दुसऱ्या परग्रही जमातीने तो वापरला. परिणाम असा की क्रोगनांच्या हजारात एखादंच मूल जगतं. क्रोगनांची शरीरं त्याला सरावू लागली, तेव्हा जेनोफेज नव्याने प्रभावी करणाऱ्या चमूत मॉर्डिन होता. आणि हाच माणूस ओमेगा या अवकाशस्थानकासारख्या बेवारस ठिकाणी गरिबांचा दवाखाना चालवतो. गेम त्याला खलनायक करत नाही आणि माफही करत नाही.

दुसऱ्या भागात तो आपल्याला क्रोगनांच्या तुचांका ग्रहावरच्या एका जुन्या इस्पितळात घेऊन जातो. तिथे एका क्रोगन बाईचं प्रेत आहे. मॉर्डिन ते तपासतो. अंगावर गाठी, म्हणजे प्रयोग झालेत. बांधून ठेवल्याच्या खुणा मात्र नाहीत, म्हणजे स्वतःहून आलेली. मूल होत नव्हतं म्हणून जिवावरचा प्रयोग तिने पत्करला. एवढं बोलताना त्याचा आवाज बदलतो आणि तो तिच्यासाठी प्रार्थना करतो. मी तिथे गेम थांबवून बसले होते. आमच्या कामात 'स्वेच्छेने' हा रकाना रोज समोर असतो. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही त्याच्या सहीला स्वेच्छा म्हणायचं का, हा प्रश्न आम्ही बैठकांमध्ये नियमांच्या भाषेत बोलतो. या गेमने तो एका देहापाशी आणून ठेवला.

पुढे कळतं की हे प्रयोग मॉर्डिनच्याच शिष्याने, मेलॉनने, केलेत. जेनोफेजच्या अपराधाची भरपाई म्हणून. त्याची माहिती ठेवायची की पुसून टाकायची? क्रूरपणे मिळवलेली माहिती वापरावी का, हा वाद वैद्यकशास्त्रात खराखुरा आहे आणि जुना आहे. माझ्या शेपर्डने ती ठेवली. जे मेले ते परत येणार नव्हते, पण त्यांच्या मरणातून मिळालेलं निदान त्यांच्याच लोकांच्या उपयोगी पडावं असं मला वाटलं, आजही वाटतं. तिसऱ्या भागात ईव्ह नावाची क्रोगन स्त्री जगते ती या माहितीमुळे. पुसून टाकली असेल तर ती वाचत नाही. दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन गेममधला हा धागा कुणीतरी जपून विणलाय.

आणि शेवटी जेनोफेजवरचा उपाय पसरवायला मॉर्डिन मनोऱ्यावर स्वतः चढतो. तिथल्या संवादाबद्दल मी लिहीत नाही, ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे.

कळव्याचा धाकटा

आम्ही दोघे भाऊ, मराठी माध्यमातले. मोठ्याने पहिला भाग वाशीतल्या एका गेमिंग कॅफेत खेळला, तेव्हा घरी पीसी नव्हता. पीसी आला तेव्हा दादाने कॅफेतल्या पीसीच्या डॉक्युमेंट्समधलं बायोवेअरचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तो पेन ड्राइव्ह आईच्या कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला. त्यात त्याचा रेक्स, म्हणजे शेपर्डचा क्रोगन सोबती, जिवंत होता.

मला वाट बघवेना. मी थेट दुसऱ्या भागापासून सुरू केलं. जुनी सेव्ह नसली की गेम स्वतःच ठरवतो की रेक्स विरमायरवर मेला. तिसऱ्या भागात दादाच्या घरी, म्हणजे त्याच पीसीवर पण त्याच्या खेळात, क्रोगनांचा पुढारी रेक्स. माझ्या खेळात रीव. रेक्सला आपल्या लोकांचं भलं कळतं, रीवला फक्त सूड. संवाद तोच, करार तोच, पण जेनोफेज बरा करताना दादा आनंदाने करत होता आणि मी धास्तीने. एकाच खुर्चीत बसून आम्हाला दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. मला गेमबद्दल आजवर याहून मोठं कौतुक सुचलेलं नाही.

संवादचक्राबद्दल एक. चाकावर दोन-तीन शब्द असतात, शेपर्ड बोलतो ते वेगळंच निघतं. इंग्रजी कच्चं असताना याचा फार त्रास व्हायचा. आम्ही सबटायटल वाचून, एकमेकांना अर्थ विचारत पुढे जायचो. पण जागा ठरलेल्या असतात, वरचा पर्याय सहसा समजुतीचा आणि खालचा दरडावण्याचा, हे एकदा कळलं की शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो.

ऐरोली_टेस्टर

पहिल्या भागातल्या लिफ्टची सगळे चेष्टा करतात, मी बाजू घेणार. त्या सावकाश लिफ्टमागे पुढची लेव्हल लोड होत असते, आमच्या धंद्यात हे उघड गुपित आहे. पण त्या वेळेचा उपयोग केलाय बघा! सोबतचे दोघं आपसात बोलतात. टाली आणि रेक्सला नेलं तर वेगळं, गॅरस आणि अ‍ॅश्लीला नेलं तर वेगळं. मधेच बातम्या लागतात आणि त्यात आपणच नुकत्याच केलेल्या कामगिरीचा उल्लेख. दुसऱ्या भागात लिफ्टच्या जागी लोडिंगचं चित्र आलं आणि हे सगळं गेलं. लेजेंडरीत लिफ्टचा वेळ कमी करता येतो; तरी मी गप्पा संपेपर्यंत थांबतो.

माको गाडी मात्र खरंच वाईट चालायची. उभ्या कड्यावर चढते आणि सपाट जमिनीवर उलटते.

कूलिंग टॉवर

मी कोपरखैरण्याचा, निवृत्त. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रासायनिक कारखान्यात हयात गेली, काम हीट एक्स्चेंजरचं. मुलाने लेजेंडरी एडिशन बसवून दिली. लढाई मला जमत नाही, सर्वांत सोप्या पातळीवर खेळतो. पण त्यातला कोडेक्स, म्हणजे त्या विश्वाची माहिती सांगणारा कोश, मी वहीत टिपणं काढत वाचलाय.

तरुण मंडळींचं लक्ष तिकडे जात नाही म्हणून सांगतो. अवकाशात उष्णता घालवणं हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. आमच्याकडे पाणी होतं, हवा होती, कूलिंग टॉवर होता. पोकळीत वाहून न्यायला माध्यमच नाही, उरतं फक्त प्रारण. बहुतेक विज्ञानपटांत जहाजं तासन् तास इंजिन पेटवून उडतात आणि हा विचार कुणी करत नाही. शेपर्डच्या नॉर्मंडी जहाजाचं लपणं मात्र त्यावरच बेतलंय. थंड अवकाशात गरम वस्तू लगेच दिसते, म्हणून हे जहाज स्वतःची उष्णता बाहेर टाकायचं थांबवतं आणि आतल्या साठ्यात कोंडून ठेवतं. साठ्याला मर्यादा आहे, तेव्हा लपणंही मर्यादित वेळ. फार ताणलं तर आतली माणसं भाजतील. हे वाचून मला इतका आनंद झाला की मुलाला ऑफिसात फोन केला.

पहिल्या भागातल्या बंदुकाही याच तर्काने चालतात. गोळ्या संपत नाहीत, बंदूक तापते. थांबा, निवेल, पुन्हा चालवा. दुसऱ्या भागात तिथे थर्मल क्लिप आल्या. तापलेली क्लिप काढून फेकायची, नवी घालायची. लवकर गोळीबार करता यावा म्हणून हे कारण पटतं. पण क्लिप संपल्या की बंदूक चालतच नाही! अहो, थांबलं की निवायला हवी ना, कथेतल्या दोन वर्षांपूर्वी निवत होती. खेळ रंगतदार व्हावा म्हणून केलं असेल, मला ते मान्य नाही. ज्या विश्वात उष्णतेचा हिशोब इतक्या निष्ठेने ठेवलाय, तिथे असं करायला नको होतं.

वाशी १७

काका, दंडवत. तुमची वही टाइप करून इथे टाका, विनंती.

मी शेवटावर लिहितो, कुणीतरी लिहायलाच हवं. मार्च २०१२. तिसरा भाग संपवला आणि समोर तीन वाटा: रीपरांचा, म्हणजे सगळ्या संस्कृती संपवायला आलेल्या यंत्रांचा, नाश, त्यांच्यावर ताबा, किंवा सजीव आणि यंत्रांचा संयोग. वाट कुठलीही घ्या, दिसायला जवळपास तेच दृश्य, रंग तेवढा लाल, निळा किंवा हिरवा. ज्या गेमने तीन भाग मला सांगितलं की तुझ्या प्रत्येक निर्णयाला वजन आहे, त्याने शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या हातात तेच दिलं. जगभर इतका गदारोळ झाला की जूनमध्ये एक्स्टेंडेड कट फुकट आला. त्यात कोण वाचलं, कुणाचं काय झालं हे दाखवलं, आणि तिन्ही वाटा नाकारण्याची चौथी सोयही आली. बरं वाटलं, पण राग गेला नाही.

दुसरी तक्रार. तेव्हा आकाशगंगेची सज्जता, म्हणजे शेवटच्या लढाईच्या तयारीचा आकडा, निम्म्यावर असायची आणि ती वाढवायला ऑनलाइन लढाया खेळाव्या लागायच्या. आमच्या इमारतीत तेव्हा इंटरनेट असं होतं की शुक्रवारी वीज गेली की संध्याकाळपर्यंत त्याचा पत्ता नसायचा. एकट्याने मन लावून खेळणाऱ्याची गोष्ट नेटच्या वेगावर का अवलंबून असावी? लेजेंडरीत ऑनलाइन भागच नाही, हिशोबही नव्याने बसवलाय. हे उशिरा झालं पण योग्य झालं.

घोडबंदर

वाशी १७, शेवटच्या दहा मिनिटांबद्दल सहमत. पण माझ्या लेखी अख्खा तिसरा भाग हाच शेवट आहे. मॉर्डिनची गोष्ट तुचांकावर संपते, क्वेरियन टाली आणि गेथ यंत्र लीजन या सोबत्यांची रॅनॉकवर, म्हणजे क्वेरियनांच्या मूळ ग्रहावर.

रॅनॉकचंच घ्या. क्वेरियनांनी गेथ यंत्रं बनवली, गेथना प्रश्न पडू लागले, क्वेरियन घाबरले आणि युद्धात स्वतःचाच ग्रह गमावून बसले. दोघांत समेट घडवता येतो, पण त्याची तयारी दुसऱ्या भागात झालेली असावी लागते. तिथे टालीवर खटला चालतो. तिला सोडवणारा पुरावा तिच्या वडिलांचं नाव काळं करणारा आहे आणि ती विनवते की तो पुढे आणू नको. माझ्या शेपर्डने पुरावा खिशात ठेवला आणि भर सभेत सरदारांना खडे बोल सुनावून तिला सोडवलं. तो प्रसंग घडला तेव्हा मला वाटलं, एका मैत्रिणीचं काम झालं. त्याचा हिशोब दोन जमातींच्या जिवापर्यंत पोचेल हे डोक्यातही नव्हतं. समेट जमला नाही आणि गेथची बाजू घेतली तर टाली कड्यावरून स्वतःला झोकून देते. ते मी फक्त दुसऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलंय, स्वतः खेळणार नाही.

आणि नॉर्मंडीवरची ती भिंत, जिच्यावर गेलेल्यांची नावं आहेत. प्रत्येकाच्या गेममध्ये ती यादी वेगळी. याला तुम्ही 'तेच दिलं' कसं म्हणाल?

खारघरवाली

अ‍ॅन्ड्रोमेडाबद्दल (२०१७) कुणीच बोलेना. जेटपॅकसह लढाई चारही गेममध्ये सर्वांत चांगली आहे, हे मी ठामपणे सांगेन. माणसं लक्षात राहिली नाहीत, हेही खरं.

माझा भाचा परीक्षा झाल्यावर पहिल्यांदाच खेळणार आहे. त्याला थेट दुसऱ्या भागापासून बसवू का? पहिला जुनाट वाटेल त्याला.

कळव्याचा धाकटा

नका हो ताई! माझी रेक्सची गोष्ट वाचलीत ना? पहिल्यापासूनच. रेक्सच्या घराण्याचं चिलखत शोधायची छोटी मोहीम आहे, ती विरमायरच्या आधी करायला सांगा. बाकी ग्रहांवर माको घेऊन भटकायची सक्ती नाही, कंटाळा आला तर मुख्य कथा पुढे न्यावी.

नेरुळवासी

अनुमोदन. दुसऱ्या भागात सोबत्यांच्या निष्ठेच्या मोहिमा आधी उरकू दे. पुढे जहाजावरच्या लोकांना पळवून नेतात, त्यानंतर इकडेतिकडे कामं करत बसलं तर ते मरतात. तेव्हा मागे लगेच निघायचं. शेवटच्या मोहिमेत कुणाला कुठे पाठवायचं हे त्याचं त्याला ठरवू दे, नेटवर तक्ता बघायला देऊ नका. आणि प्रत्येक मोहिमेनंतर मॉर्डिनच्या प्रयोगशाळेत एक चक्कर टाकायला सांगा, त्याच्याकडे बोलायला दर वेळी नवीन काही नसतं पण असतं तेव्हा चुकवू नये.