फड सांभाळ: सुलोचनाबाईंच्या लावण्या घ्यायच्या की नाही?

प्रेषक: परभणीची ताई (कार्यक्रम समिती)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यातली गाण्यांची बैठक सुलोचना चव्हाणांवर करायचं ठरलंय. हॉल मिळालाय, ढोलकीवालेही मिळालेत. पण दोन घरांतून फोन आले की समोर लहान मुलं असतात, तेव्हा लावण्या कमी करा आणि भक्तिगीतं, भावगीतं वाढवा. सुलोचनाबाईंच्या कार्यक्रमातून लावणी काढली तर उरतं काय, हे मला कळेना. एकटीनं ठरवण्यापेक्षा लिस्टवर विचारते. बीडचे भाऊ सध्या केज तालुक्यात आईकडं आहेत. त्यांनी निवेदनासाठी चार ओळी लिहून पाठवाव्यात ही विनंती.

---

प्रेषक: बीडचे भाऊ

ताई, मंडळी,

चार ओळींत होणार नाही, माफ करा. या बाईंच्या गाण्यावर मी वाढलोय.

आधी निवेदनाला लागेल तेवढं सांगतो. सुलोचनाबाई माहेरच्या कदम. जन्म मार्च १९३३, मुंबई, गिरगावातली फणसवाडी. गाण्याचं रीतसर शिक्षण नाही. लहानपणी मेळ्यात कामं केली आणि तिथूनच हिंदी सिनेमाच्या गाण्यांकडं वळल्या. १९५३ साली श्यामराव चव्हाणांशी लग्न झालं. श्यामराव स्वतः सिनेमा दिग्दर्शक. लावणीत शब्द कसा टाकायचा, कुठं दाबायचा, कुठं सोडायचा, हे त्यांनीच शिकवलं, तेच माझे गुरू, असं बाई सांगायच्या. १९६२ मध्ये ‘रंगल्या रात्री अशा’ आला. त्यातली जगदीश खेबुडकरांची ‘नाव गाव कशाला पुसता’ ही लवंगी मिरचीची लावणी वसंत पवारांच्या चालीवर बाईंनी गायली आणि घराघरांत पोचली. खेबुडकरांचीही ती सिनेमातली सुरुवात. ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिलेली. पुढं राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबईत निधन.

एवढं इंटरनेटवर कुणालाही मिळेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

माझे आईबाप चौदा वर्षं ऊसतोडीला गेले. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको, पण लिस्टवर पुण्यामुंबईचीही मंडळी आहेत म्हणून सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे जोडप्याची मजुरी एकत्र मोजतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, दिवाळी झाली की टोळीबरोबर बैलगाडी जोडून खाली साखरपट्ट्यात जायचं आणि पाडव्याच्या आगंमागं परत यायचं. मी सात वर्षांचा होईपर्यंत हिवाळा आला की आमचं घर म्हणजे पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, कोपी (झोपडी). शेजारी उभा ऊस. जो प्लॉट तोडायला घेतला त्याला म्हणतात फड. “आज कुठल्या फडात हायेत?” असं एकमेकांना विचारायचे.

आमच्या टोळीच्या मुकादमाकडं ट्रान्झिस्टर होता. एका संध्याकाळी त्यावर ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ लागलं. चुलीपुढच्या सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या, आणि ‘तुझ्या उसाला लागंल कोल्हा’ ही ओळ आली तशा सगळ्या मिळून हसल्या. मला काही कळलं नाही, पण ते हसणं लक्षात राहिलं.

परवा अंगणात आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसून फोनवर तेच गाणं लावलं आणि विचारलं, “आये, तवा तुम्ही हसला का?” आईनं शेंग हातातच धरली.

म्हणाली, “तुरा आल्यावर ऊस वाढत नाही, बाबा. वरचं वाढं वाळून जातंय. लवकर तोडला तर ठीक, राहिला तर आतून भेंडासारखा पोकळ हुतोय, वजनाला बसत नाही. म्हणून तुरा दिसला की मालक रोज बांधावर येऊन उभा राहतो. आन् कोल्हा काय करतो? अख्खा ऊस खात नाही त्यो. एकाला बुडाशी चावा घेतो, चोखतो, दुसऱ्याकडं जातो. चावलेलं कांडं आंबून जातंय. शंभर उसांची वाट लावून जाईल, पोट एकाचंबी भरणार नाही.” थोडं थांबून म्हणाली, “तसलं कोल्हं मुकादमांत बी असायचं. आमी हसलो ते त्याच्यावर.”

मी चाळिशी ओलांडली आणि या गाण्याचा अर्थ मला आता कळला.

‘मल्हारी मार्तंड’ सिनेमा १९६५ चा. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची. माडगूळकर माणदेशातले. दुष्काळातल्या माणसाला उसाची किंमत बरोबर कळते. फड म्हणजे उसाचा आणि फड म्हणजे तमाशाचाही, तुरा म्हणजे उसाचा फुलोरा आणि तुरा कलगीतुऱ्यातला, शाहिरांच्या सवाल-जवाबातलाही, हे सगळं त्यांनी एका ओळीत बांधलं. पण कागदावर बांधलेलं ते गळ्यातून उतरवायला सुलोचनाबाईच लागल्या. त्या ‘सांभाळ’ म्हणतात तेव्हा आवाजात लाडीगोडी नसते, कळकळ असते. बांधावरून एखादी जाणती बाई हाक मारावी तशी. आई म्हणाली, “ही बाई फडात राहिलेली दिसती.” मी म्हटलं, नाही गं, गिरगावातली. तिला काही ते पटलं नाही.

माझं मत विचाराल तर लावणीत चावटपणा शोधणाऱ्याला तो सापडतोच. पण बाईंच्या निम्म्या लावण्या शेतातल्या शब्दांवर उभ्या आहेत. ‘पाडाला पिकलाय आंबा’ घ्या. पाड म्हणजे झाडावरच पिकलेला पहिला आंबा. तो दिसला की समजायचं, बाकीचे उतरवायची वेळ आली. आमच्या मुलांना हे शब्द आता दुसरीकडं कुठं मिळणार? लावण्या काढू नका ताई.

---

प्रेषक: औरंगाबादचे काका

प्रिय भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मातोश्रींना माझा नमस्कार कळव.

माझ्या आठवणी तुझ्या आधीच्या. आमचं बालपण निजामाच्या राज्यातलं. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य संपलं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. शाळा उर्दूतून, घरात मराठी, गल्लीत दखनी. त्यामुळं कान उर्दूला सरावलेले. त्या काळात रेडिओ सिलोनवर एक गाणं लागायचं, ‘चोरी चोरी आग सी दिल में लगाकर चल दिए’. सिनेमा ‘ढोलक’, १९५१. संगीत श्यामसुंदर यांचं. गाणारी सुलोचना कदम. मी आणि माझा मोठा भाऊ गुलमंडीवरच्या हॉटेलात हे गाणं ऐकायला एका चहावर तासभर बसायचो.

पुढं नोकरीत असताना एका सहकाऱ्यानं सांगितलं की ही सुलोचना कदम म्हणजेच लवंगी मिरचीवाली सुलोचना चव्हाण. मी पैज लावायला निघालो होतो, इतकं ते खोटं वाटलं. घरी येऊन दोन्ही गाणी मनात एकापाठोपाठ एक म्हणून पाहिली तेव्हा ओळख पटली. ‘आग’ या शब्दावर ती आवाज किंचित कोरडा करते. ती जागा तिची स्वतःची आहे, कुणाकडून घेतलेली नाही. तोच कोरडेपणा लावणीत ठसका होऊन आला. गाणं झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, हे नंतर हिशेब केल्यावर लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

त्याच सिनेमात सतीश बात्रांबरोबर ‘मौसम आया है रंगीन’ हे द्वंद्वगीतही आहे. माझी विनंती एवढीच की बैठकीची सुरुवात ‘ढोलक’नं करा आणि नाव न सांगता ऐकवा. मग लगेच लवंगी मिरची. लोकांचे चेहरे बघा.

लता, गीता दत्त, शमशाद यांच्या गर्दीत हिंदीत तिला पुरेशी जागा मिळाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण ती जागा मिळाली असती तर मराठीला ही लावणी मिळाली असती का, हेही मनात येतं.

---

प्रेषक: नांदेडची वहिनी

सगळ्यांची पत्रं छान. एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे, कारण निवेदनात ती हमखास येणार.

सुलोचनाबाई डोक्यावरून पदर घेऊन, दोन्ही खांदे झाकून, माइकसमोर जागेवर उभ्या राहून लावणी गायच्या. हातवारे नाहीत, नाच नाही. सगळी अदा आवाजात. हे खरं आहे आणि त्याचं कौतुक मलाही आहे. त्यांच्यामुळं माझ्या आजीच्या वयाच्या बायका घरात उघडपणे लावणी ऐकू लागल्या. पण हे कौतुक करताना “बघा, लावणी अशी सभ्यपणेही गाता येते” असं वाक्य कृपा करून कुणी बोलू नका.

माझं माहेर लोह्याकडचं. माळेगावच्या खंडोबाची यात्रा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड. लहानपणी मी एकदा वडिलांच्या खांद्यावरून तंबूच्या मागची बाजू पाहिली. एक नाचणारी बाई पायातले चाळ सोडून घोट्याला तेल लावत होती. घोटा सुजून काळानिळा झालेला. शेजारी तान्हं बाळ झोपलेलं. तिनं बाळाच्या अंगावर शाल नीट केली, पुन्हा चाळ बांधले आणि कनात सारून पुढं गेली. ती बाई सुलोचनाबाईंपेक्षा कमी सभ्य होती असं कुणी म्हणालं तर मला सहन होणार नाही.

तमाशातल्या थोर कलावंत विठाबाई नारायणगावकर यांच्या नावानं आज राज्य शासन तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. त्याच परंपरेतून शब्द आले, चाली आल्या, ढोलकी आली. सुलोचनाबाईंनी ते धन सिनेमातून आणि रेडिओवरून घरापर्यंत पोचवलं. दोघींचं नाव एकाच आदरानं घ्या, एवढंच माझं मागणं.

---

प्रेषक: लातूरची मीच ती

ताई, फोन केलेल्या दोन घरांपैकी एक आमचं. लपवायचं काही कारण नाही.

गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या गावातल्या एका मराठी कार्यक्रमाला गेलो होतो. तिथं लावणीचं रिमिक्स लावून नाच ठेवला होता. प्रेक्षकांतून ज्या शिट्या आणि जे शेरे आले ते माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं ऐकले. घरी येताना गाडीत ती एकही शब्द बोलली नाही. आमच्या बैठकीतही तसंच होईल या धास्तीनं मी फोन केला. माझा राग लावणीवर नव्हता, पण फोनवर मी ते नीट सांगितलं नाही.

भाऊंचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. आईंचं कोल्ह्याचं ऐकून तिनं विचारलं, “मग त्या मुकादमाला कोणी काहीच का बोललं नाही?” मला उत्तर देता आलं नाही. भाऊ, तुम्ही देऊ शकलात तर बरं होईल.

लावण्या घ्या. नाच मात्र नको, नुसतं गाणं असू दे, बाई गायच्या तसं.

---

प्रेषक: बीडचे भाऊ

लातूरच्या ताई,

लेकीचा प्रश्न मी आईला विचारला. तिचं उत्तर जसंच्या तसं लिहितो. “उचल त्याची घेतलेली असायची, बाळा. फिटेपर्यंत तोंड उघडता येत नव्हतं. म्हणून गाणं लागल्यावर हसायचो. त्याला बी कळायचं आमी का हसलो ते.”

काका, ‘ढोलक’ची सूचना शंभर टक्के मान्य. आईला तेही गाणं ऐकवलं. शब्द तिला फारसे कळले नाहीत, पण म्हणाली, “हीच हाय की ती.” तुम्हाला नोकरीला लागेपर्यंत जे समजलं नाही ते तिला दुसऱ्या ओळीला समजलं, हे तुम्हाला नक्की आवडेल.

वहिनी, तुमची गोष्ट निवेदनात तुमच्याच तोंडून यायला हवी. दुसऱ्या कुणी ती सांगू नये.

ताई, ढोलकीवाल्यांना एक निरोप द्या. सुलोचनाबाईंचे चिरंजीव विजय चव्हाण यांची ढोलकी त्यांनी आधी ऐकून घ्यावी. आईच्या गाण्यामागं ढोलकी कशी धरायची, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आवाजाच्या वर जायचं नाही आणि शब्द संपला की मगच उसळायचं.

‘फड सांभाळ’च्या आधी तुरा, वाढं आणि कोल्हा म्हणजे काय ते सांगायला आई तयार झालीय. तिचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून सोबत जोडलाय. पावणेदोन मिनिटं आहे. मधे शेळी ओरडते आणि आई तिला “थांब, गाण्याचं सांगायलेव” म्हणते. तेवढं कापू नका.