चर्चा: परदेशी शाळेशी देवाणघेवाण करताना यजमान घरी राहणे सक्तीचे असावे का?

मूळ लेख (जर्मनची शिक्षिका, पुणे)
पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आदेनाउअर आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी २२ जानेवारी १९६३ रोजी दोन्ही देशांच्या मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या, तेव्हा परराष्ट्र धोरण आणि संरक्षण यांच्या जोडीने शिक्षण व तरुणांचा परस्परपरिचय हाही त्या कराराचा विषय होता, आणि त्याच वर्षी फ्रँको-जर्मन युवा कार्यालय उभे राहिले. त्याच्या ब्रिजिट सोझे योजनेत विद्यार्थी काही महिने जोडीदाराच्या घरी राहतो, त्याच्याबरोबर शाळेत जातो आणि पुढे तोच जोडीदार त्याच्या घरी येतो. व्होल्तेर योजनेत हा मुक्काम प्रत्येकी सहा महिन्यांचा असतो. आपल्याकडच्या काही शाळांचे दौरे मात्र आठ-दहा दिवसांत हॉटेलातून उरकतात आणि तिकडची मुले इकडे येतही नाहीत. पाहुणा म्हणून गेलेल्या मुलाला पुढे यजमान व्हावे लागते, यातच या पद्धतीचे खरे बळ आहे. म्हणून ही अट सक्तीची असावी, असे मला ठामपणे वाटते.

प्रतिसाद १ (पालक, नाशिक)
मी असहमत आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून ऱ्हाइन नदी ओलांडली की समोर जर्मनीतले केल हे गाव आहे. तिथे व्हिसा लागत नाही आणि प्रवासाला सार्वजनिक निधीतून मदत मिळते. आपल्याला विमानाचे भाडे, शेंगेन व्हिसा आणि विमा एवढे सगळे पदरचे भरावे लागते. दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, त्या घरातल्या हुशार मुलीला तुमची अट पहिल्याच पायरीवर बाद करील. युरोपीय आयोगाने २००५ मध्ये सुरू केलेल्या ई-ट्विनिंगमध्ये दोन देशांतले वर्ग ऑनलाइन एकत्र प्रकल्प करतात. तसे काही केले तर संपूर्ण वर्गाला सहभागी होता येईल.

प्रतिसाद २ (इतिहासाचे निवृत्त शिक्षक)
पडद्यावर मुले तयारी करून आणलेलेच दाखवतात. मतभेद सहवासात बाहेर येतात. एलिझे कराराच्या चाळिसाव्या वर्षी, २००३ मध्ये, बर्लिनमध्ये जमलेल्या दोन्ही देशांच्या तरुणांनी सामाईक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाची मागणी केली आणि २००६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला.

प्रतिसाद ३ (पालक, नाशिक)
ते पुस्तक फारशा वर्गांत रुजले नाही, हेही सांगायला हवे. शिवाय बर्लिनची ती सभा होती, कुणाच्या घरचा मुक्काम नव्हे.

मूळ लेखिकेचे उत्तर
बर्लिनची सभा म्हणजे घरचा मुक्काम नव्हे, हा मुद्दा मला मान्य आहे. खर्चाचा आक्षेप तर त्याहून गंभीर आहे, पण त्यासाठी परतभेटच सोडून देणे मला पटत नाही. यजमानपद एकाच कुटुंबावर न टाकता दोन-तीन कुटुंबांनी वाटून घ्यावे, जागा नसलेल्या मुलाचा जोडीदार शिक्षकांच्या किंवा माजी विद्यार्थ्यांच्या घरी राहावा आणि दिवसभर मात्र त्या मुलाच्याच सोबत असावा. प्रवासखर्चासाठी शाळेने सर्व पालकांकडून नव्हे, तर माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारावा आणि निवडीच्या वेळी घराचा आकार विचारूच नये.

प्रतिसाद ४ (पालक, नाशिक)
निवडीचा हा नियम शाळा लेखी देणार असेल, तर माझा विरोध सक्तीपुरताच उरतो.