शब्दचर्चा : ‘ईजबेल’ म्हणजे नटवी की पाताळयंत्री?

वाडीवाली, वसई

मागच्या रविवारी चर्चमधली मिस्सा (उपासना) सुटल्यावर पायऱ्यांवर जे झालं ते अजून मनातून जात नाही. आमच्या आळीतली सतरा वर्षांची पोर, डोळ्यांत काजळ, कानांत नवे झुमके. तिच्याच घरातली म्हातारी चारचौघांत म्हणाली, “काय गो, ईजबेल झालीस!” पोर काही बोलली नाही. रुमालाचं टोक जिभेनं ओलं करून तिथंच काजळ पुसत राहिली. ओल्या रुमालानं काजळ निघत नाही, पसरतं. खालच्या पायरीवर येईपर्यंत दोन्ही डोळ्यांखाली काळे फराटे आणि पांढऱ्या रुमालाची पार मळकी चिंधी.

ईजबेल म्हणजे बायबलातली, इस्राएलाच्या अहाब राजाची राणी. आमच्याकडं हे नाव शिवीसारखं वापरतात. मी लहानपणापासून त्याचे तीन अर्थ ऐकत आले : नटवी, नवऱ्याला मुठीत ठेवणारी, आणि मोठ्यांना उलट बोलणारी. महिला मंडळात “ईजबेलीपासून ख्रिस्ती स्त्रीनं काय शिकावं” असा विषय निघाला की बोलणं काजळ, लिपस्टिक आणि बिनबाह्यांच्या ब्लाऊजवर येऊन थांबतं. म्हणून बायबलातली राजांची दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचली आणि काजळ शोधलं. ते एकदाच आहे, २ राजे ९:३० मध्ये. तेव्हा तिचा मुलगा योराम मारला गेलाय, मारणारा सेनापती येहू इज्रेलच्या वेशीतून आत येतोय. ती डोळ्यांत सुरमा घालते, केस नीट करते, खिडकीशी उभी राहते आणि वरून त्याला ‘जिम्री’ म्हणते. धन्याला मारून गादीवर बसलेला आणि सातच दिवस टिकलेला तो जिम्री. हे काय कुणाला भुलवायला नटणं झालं? मरण दारात आलंय हे तिला कळलं होतं. तिला राणीसारखं मरायचं होतं, एवढंच मला त्यात दिसतं.

तिचं पाप त्याच्या कितीतरी आधी, १ राजे २१ मध्ये लिहिलंय : अहाबाला हवा असलेला द्राक्षमळा नाबोथ देईना, म्हणून तिनं नाबोथावर खोटा आळ घालून त्याला मारवलं. तिथं काजळाचा ठिपकाही नाही. मग हे नाव ‘नटवी’ या अर्थी वापरणं बरोबर का? आणि नसेल तर मराठीत तिला नेमकं काय म्हणावं? कजाग, कैदाशीण, कळलावी, कारस्थानी, पाताळयंत्री... मला शेवटचा शब्द जवळचा वाटतो.

मालवणचो मास्तर

ताई, प्रश्न चांगला काढलात. मी ख्रिस्ती नाही, पण बायबल वाचलंय. तुमच्या आधी मी दुसऱ्याच एका शब्दाशी अडखळलो होतो : ‘द्राक्षमळा’. आमच्याकडं मळा म्हटलं की भातशेतीची सखल जमीन डोळ्यांसमोर येते. वर देशावर मळा म्हणजे विहिरीचं बागायत. नाबोथाचं जे होतं, पिढ्यानपिढ्या राखलेलं, घराला लागून, झाडावेलींचं, त्याला किनाऱ्यावरचा माणूस वाडी म्हणेल, नाहीतर आगर म्हणेल. नाबोथाची वाडी म्हटल्याबरोबर मला ती कळली. आणि अहाबाला तिथं भाजी लावायची होती! म्हणजे माडापोफळीची जुनी वाडी तोडून राजवाड्याला परडं करायचं. नाबोथ नाही म्हणाला यात नवल कसलं?

बदल्यात याहून चांगली देतो किंवा पैसे देतो, असं अहाब म्हणतो. वरवर व्यवहार सरळ आहे. पण मराठी बायबलात नाबोथाच्या तोंडी जो शब्द आहे तो ‘वतन’, आणि वतन पैशात मोजायची वस्तू नाही.

दफ्तरी (निवृत्त)

वतनाबद्दल थोडं. मूळ शब्द अरबी, अर्थ जन्मभूमी. उर्दूत तो देशाला लागला, मराठीत मात्र घराण्याच्या पिढीजात हक्काला चिकटला. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनं. कोकणात खोत. वतनांसाठी १८७४ चा वेगळा कायदा होता, खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. पण माणसाच्या मनातून वतन गेलेलं नाही, हे मी चाळीस वर्षं कागद चाळताना पाहिलं. बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनी तिथं ‘मालमत्ता’ किंवा ‘जमीन’ न घालता ‘वतन’ घातलं, ते फार जाणून केलं. इस्राएलात जमीन मूळ देवाची, कुळाकडं ती राखायला दिलेली, कायमची विकायची नाही (लेवीय २५:२३). म्हणून नाबोथाचा नकार हट्टाचा नाही, धर्माचा आहे.

तुमचा दुसरा मुद्दा, तिला काय म्हणावं. माझं लक्ष तिच्या हातातल्या शिक्क्याकडं जातं. तिनं पत्रं अहाबाच्या नावानं लिहिली आणि अहाबाचा शिक्का मारला. आपण ‘शिक्कामोर्तब’ एका दमात म्हणतो, पण जुन्या कागदांत त्या दोन गोष्टी होत्या. शिक्का वर, मोर्तब खाली, मजकूर संपला तिथं. मोर्तबाच्या पुढं कुणी एक अक्षर वाढवू नये, यासाठी तो. शिवाजी महाराजांच्या पत्रांत शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असं उमटलेलं असे. मर्यादा, म्हणजे इथं लिहिणं संपलं. ईजबेलीनं जी मोडली ती हीच मर्यादा. दुसऱ्याचा शिक्का, दुसऱ्याचं नाव, आणि मजकूर आपला. दफ्तराच्या भाषेत याला बनावट कागद म्हणतात. पाताळयंत्री चालेल, पण त्यात नुसता डाव येतो, कागद येत नाही.

एक भगिनी, रेवदंडा

मला हे सगळं वाचून काळजी वाटते. नटणं म्हणजे पाप नाही असं मुलींना सांगायचं का? १ पेत्र ३:३ मध्ये वेणीफणी आणि सोन्याच्या दागिन्यांपेक्षा अंतःकरणाचं भूषण मोठं म्हटलंय. ईजबेलीबद्दल येहू स्वतः तिच्या व्यभिचाराचं आणि चेटकांचं बोलतो. प्रकटीकरणात थुवतीराच्या मंडळीला बजावलंय की त्या ‘ईजबेली’ला चालू देऊ नका. म्हाताऱ्या माणसांनी उगाच का हे नाव धरून ठेवलंय?

वाडीवाली, वसई

ताई, तुमची काळजी खोटी नाही. पेत्राचं वचन मला मान्य आहे आणि ते मी माझ्या मुलींना सांगते. पण पेत्र ते सांगताना ईजबेलीचं नाव घेत नाही, अब्राहामाच्या बायकोचं, सारेचं घेतो. येहूचं वाक्य २ राजे ९:२२ चं. संदेष्ट्यांच्या भाषेत दुसऱ्या देवांमागं जाणं म्हणजे व्यभिचार, होशेयाचं अख्खं पुस्तक त्यावर उभं आहे. आणि ईजबेलीवरचा मोठा आरोप तोच : परमेश्वराच्या संदेष्ट्यांना तिनं मारलं, शंभर जणांना अहाबाच्या कारभाऱ्यानं, ओबद्यानं, पन्नास-पन्नास करून गुहांत लपवलं म्हणून ते वाचले, आणि बआल देवाचे ४५० नि अशेरा देवीचे ४०० संदेष्टे तिच्या ताटावर जेवत होते. नवऱ्याला सोडून ती कुणाकडं गेली असं कुठंही नाही. थुवतीरातली बाई स्वतःला संदेष्टी म्हणवून लोकांना भुलवते. म्हणजे जो अधिकार मिळालेला नाही तो वापरते. दफ्तरीकाका म्हणतात तो शिक्का तिथंही आहे.

नाबोथाचा प्रसंग मी सावकाश सांगते, कारण आपण तो घाईत वाचतो. अहाब पलंगावर पडलाय, तोंड फिरवलेलं, जेवत नाही. ती विचारते, काय झालं? तो सांगतो, पण नाबोथानं वडिलांच्या वतनाचं कारण दिलं होतं तेवढं गाळतो. ती म्हणते, इस्राएलाचा राजा ना तू? ऊठ, जेव. मळा मी देते तुला. मग पत्रं जातात, गावच्या वडीलधाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना. काय लिहिलं? उपास जाहीर करा. उपास! लोक देवापुढं बसलेले असताना नाबोथाला पुढं बसवा, समोर दोन हलकट बसवा, त्यांनी म्हणावं की यानं देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. दोघंच का? कारण नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात. तिनं देवाचाच कायदा वापरला, देवाच्याच उपासात बसून. गावानं हूं की चूं न करता दगड उचलले. माझ्या मते ईजबेलीचं वाईटपण तिच्या डोळ्यांत शोधू नये, त्या उपासात शोधावं. आमच्या मंडळाच्या सभेत, हातात माळ असताना, किती बायकांची नावं अशी दोन साक्षीदारांच्या तोंडून काळी झालीत, ते मी पाहिलंय. मीही त्यात बसले आहे.

मालवणचो मास्तर

नावाबद्दल राहिलं होतं. अभ्यासक ‘ईजबेल’ची फोड ‘ईजबूल’ अशी धरतात : “तो प्रभू कुठं आहे?” बआलाच्या पूजेतली ती आरोळी. हिब्रू लिहिणाऱ्यांनी त्यातल्या ‘झबूल’चं ‘झेबेल’ केलं, म्हणजे शेण, उकिरडा. तेव्हा या नावाची शिवी आपण केलेली नाही, ती मुळातच करून ठेवलेली आहे.

आणि ‘बआल’ म्हणजे धनी. जमिनीचा धनी, आणि नवराही. आमच्याकडं बायको घोवाला ‘धनी’ म्हणते, अगदी तोच शब्द. होशेय २:१६ मध्ये परमेश्वर म्हणतो, त्या दिवशी तू मला ‘माझा नवरा’ म्हणशील, ‘माझा बआल’ म्हणणार नाहीस. हे मराठीत आणायचं तर ‘धनी’ आणि ‘सोबती’ यांतला फरक धरावा लागेल. भाषांतरात तो सहज निसटतो.

वाडीवाली, वसई

मास्तर, ‘धनी’वरून एक आठवलं. लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

बाबा बोटीवर होते. आजोबा गेल्यावर वाडीवर बाबांचं आणि आत्याचं नाव लागायचं होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा उत्तराधिकार कायदा लागू, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. आत्या विधवा, पदरात दोन मुलं. आईनं तिला जेवायला बोलावलं, बोंबील तळले, आणि म्हणाली, “दादानं पत्रात लिहिलंय, हक्कसोड करून दे, तुझं मी बघेन.” बाबांच्या पत्रात तसं एक अक्षर नव्हतं. मी आठ वर्षांची, ते पत्र आईला वाचून दाखवायला मीच बसले होते. आत्याला कचेरीत नेलं, अंगठा घेतला. परत येताना ती तो निळा अंगठा लुगड्याच्या काठाला घासत होती. शाई काठाला लागली, बोटाची गेली नाही.

बाबा सात महिन्यांनी आले. त्यांना कळलं. ते आईला काही बोलले नाहीत, आत्यालाही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वाडीत गेले आणि केळीला पाणी सोडलं. अहाबही तसाच ताबा घ्यायला खाली उतरला होता, हे मी मोठेपणी वाचलं. संदेष्टा एलीया त्याला तिथंच गाठतो आणि विचारतो, जीव घेतलास आणि वर ताबाही घेतलास? पत्र तिनं लिहिलं होतं. जाब आधी त्याला विचारला गेला.

आईनं आयुष्यात कधी काजळ घातलं नाही. तिला कुणी ईजबेल म्हटलं नाही. माझं तिच्यावर फार प्रेम होतं, अजून आहे.

एक भगिनी, रेवदंडा

ताई, माझ्याही सासरी असा एक कागद आहे. जास्त लिहीत नाही.

शोधताना एक सापडलं ते सांगते. ईजबेलीच्या सुरम्याला हिब्रूत ‘पूख’ म्हणतात. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात, सगळं गमावून पुन्हा मिळाल्यावर, त्याला तीन मुली होतात. धाकटीचं नाव केरेन-हप्पूख. केरेन म्हणजे शिंग, म्हणजे सुरमा भरून ठेवायची शिंगाची कुपी. बापानं लेकीचं नाव काजळाची डबी ठेवलं, आणि पुढच्याच वचनात, ४२:१५, त्यानं त्या तिघींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. मी आधी घातलेला काजळाचा मुद्दा मागं घेते.

वाडीवाली, वसई

काल संध्याकाळी त्या पोरीला घरी बोलावलं आणि तुम्ही लिहिलेलं तसंच्या तसं वाचून दाखवलं. केरेन-हप्पूख हे नाव तिनं दोनतीनदा म्हणून पाहिलं. मग विचारलं, “आणि तुमच्या आत्याचं नाव परत चढवलं का वाडीवर?”

बाबा गेले, आईही गेली, सातबाऱ्यावर आता माझं आणि भावाचं नाव आहे. दफ्तरीकाका, आत्याची मुलं इथंच आगाशीला असतात. आम्हाला आमच्या हिश्श्यातून त्यांना द्यायचं असेल तर कागद कुठला करावा लागेल, बक्षीसपत्र का?