सी-टेनची पेट्रोल टाकी: सीटमागून काढावी की राहू द्यावी?

ह्यूस्टनकर
मंडळी, वर्षभर घासाघीस करून शेवटी १९७१ ची शेव्हरोले सी-टेन पिकअप दारात आणली. चालती आहे, केबिनचा तळपत्रा तेवढा कुजलाय. इंजिन, रंग, चाकं यांचं पुढे बघू. माझं पहिलं काम ठरलंय: पेट्रोलची टाकी केबिनबाहेर काढायची.

ही गाडी आतून न पाहिलेल्यांसाठी सांगतो. १९६० ते १९७२ च्या शेव्हरोले पिकअपमध्ये टाकी सीटच्या पाठीशी, केबिनच्या आतच उभी असते. साधारण २० गॅलन, म्हणजे ७५ लिटर. झाकण ड्रायव्हरच्या दाराच्या जरा मागे, केबिनच्या कोपऱ्यात. भरलेल्या टाकीने वळण घेतलं की पाठीमागे डुबुक डुबुक ऐकू येतं. उन्हाळ्यात काचा वर करून दहा मिनिटं बसा, डोकं जड होतं. बायकोने एकदाच फेरी मारली आणि घरी येऊन आधी ओढणी धुवायला टाकली.

बेत असा: मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, जिथे स्टेपनी टांगलेली असते, तिथे चासीच्या दोन दांड्यांच्या मधोमध नवी टाकी. या गाडीच्या मापाच्या टाक्या तयार मिळतात. काही जण १९७३ नंतरच्या शेव्हरोले ब्लेझरचीही बसवतात. सीट मागे सरकेल (मी सहा फुटी आहे, सध्या गुडघे स्टिअरिंगला लागतात), शिवाय वजन मागच्या चाकांवर येईल. रिकामी पिकअप पावसात मागून कशी घसरते ते चालवणाऱ्यालाच ठाऊक.

माणूस बसतो त्या खोलीत पेट्रोल नको, एवढंच माझं म्हणणं. सिलिंडर स्वयंपाकघरात असतो, पण म्हणून कुणी त्याला पाठ टेकून जेवत नाही.

आडवा_पाना
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही वासाला घाबरून टाकी धडकेच्या तोंडी नेताय.

आत्ता ती कुठे आहे बघा. दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे, उंचावर. मागून कुणी ठोकलं तर आधी अख्खा हौदा चेपायला हवा, मग टाकीची पाळी. तुम्ही ती अ‍ॅक्सल आणि बंपरच्या मधे आणताय. फोर्ड पिंटो या सत्तरच्या दशकातल्या छोट्या कारची टाकी नेमकी तिथेच होती. मागून धडक बसली की टाकी पुढे सरकून डिफ्रन्शियलच्या (मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या) बोल्टांवर आपटायची, तोंडाची नळी निसटायची, पेट्रोल रस्त्यावर. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आणि ती निदान कारखान्यात बनलेली गाडी होती, तुमचं काम घरच्या गॅरेजात होणार.

वासाचं म्हणाल तर तो टाकीचा नसतो. तोंडाला जोडलेला रबरी पाइप आणि झाकणाचा वॉशर पन्नास वर्षांत वाळून कडक होतो. बदला, वीस डॉलरचं काम.

ह्यूस्टनकर
पाइप, वॉशर दोन्ही बदललेत. वास कमी झाला, गेला नाही. आणि केबिनमधली जागा इतकी उत्तम असती तर खुद्द जनरल मोटर्सने १९७३ मध्ये टाकी बाहेर का काढली?

आडवा_पाना
काढली, आणि ठेवली कुठे? चासीच्या दांडीबाहेर, कडेला! बाजूने धडक बसली की टाकी आणि रस्ता यांच्यात फक्त पत्रा. त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, १९९४ मध्ये सरकारशी ५ कोटी डॉलरच्या वर तडजोड करावी लागली. ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो.

ह्यूस्टनकर
कडेला मी नेतच नाहीये. दांड्यांच्या मधे म्हटलं, दांड्यांच्या मधे.

उलटा_काटा
मी १९६८ च्या सी-टेनला हे केलंय, त्यामुळे माझं मत धागाकर्त्याकडे. पण माझी फजिती ऐकाच.

स्वस्तात मिळाली म्हणून जुन्या फोर्ड मस्टँगची १६ गॅलनची टाकी बसवली, तिच्या स्वतःच्या फ्लोटसकट (पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणारा भाग). फोर्डचा फ्लोट टाकी रिकामी असताना साधारण ७३ ओम (विजेचा रोध) दाखवतो आणि भरलेली असताना १०. शेव्हरोलेच्या काट्याचं उलटं: ० म्हणजे रिकामी, ९० म्हणजे भरलेली. पहिल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली तर काटा तळाला. वाटलं, वायर सैल असेल. जसजसे मैल पडले तसतसा काटा वर चढू लागला. पाऊण टाकीच्याही वर गेला, म्हटलं वा, काय अ‍ॅव्हरेज आहे! आणि हायवेवर इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली.

दुसरं, टाकीची हवा जायची नळी. तिला गाडी उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह हवाच. मी नुसती नळी वर वळवून सोडली होती. उतारावर गाडी लावली की खाली पेट्रोलचा डाग.

पण केबिन? आता मुलगा सीटमागे पाय पसरून झोपतो. परत जुन्या जागी टाकी ठेवणार नाही.

सांगलीचा_गॅरेजवाला
इथे आमच्याकडच्या ट्रकांना टाकी चासीच्या कडेलाच असते, पण ते डिझेल. त्याचं आणि पेट्रोलचं एका मापात धरू नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशालाही पेट घेते. काढलेली जुनी टाकी रिकामी आहे म्हणून तिला टाका मारायला जाल तर मराल. भरलेलीपेक्षा रिकामी वाईट.

बाकी इथे असला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीत फेरफार करण्यावरचं कलम) अडकतो. तुमच्याकडे कोण तपासतं?

आडवा_पाना
तेच तर. टेक्सासात २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद झालीय. म्हणजे ह्यांचं काम बरोबर झालं की नाही हे मागून ठोकणाराच सांगणार.

ह्यूस्टनकर, दोन प्रश्न. पेट्रोल भरायचं तोंड कुठे काढणार? आणि सायलेन्सरचा पाइप?

ह्यूस्टनकर
तोंड हौद्याच्या लाकडी फळ्यांत, वर झाकण. पाइप सध्या मागे बंपरखाली निघतो.

आडवा_पाना
म्हणजे भरताना सांडलं की थेट तापलेल्या पाइपवर. आणि हौद्यात माती भरलीत तर पंपावर आधी फावडं.

उलटा_काटा
इथे मात्र पानासाहेबांना अनुमोदन. पाइप मागच्या चाकाच्या पुढेच बाजूला काढा आणि तोंड हौद्याच्या कडेच्या पत्र्यात घ्या. माझं तसंच आहे.

ह्यूस्टनकर
पाइपचं मान्य. कडेच्या धड पत्र्याला भोक पाडायला जीव होत नाही, पण बघतो. रविवारी गाडीखाली झोपून टेप लावतो, बंपर आणि टाकीच्या मधे किती इंच उरतात ते इथे लिहीन. मागे एक जाड आडवी दांडीही वेल्ड करून घेणार आहे.

तोवर एवढं सांगा, स्टेपनी कुठे ठेवू?

आडवा_पाना
सीटच्या मागे. तिथे आता जागा झालीच आहे ना.